सगळी जाळी वर आली का?

अराबा क्वान्सिमा समुद्रात कधी पाऊल ठेवत नाही. आमच्या एडुमानोच्या किनाऱ्यावर बायका होडीत चढत नाहीत, हे एक झालं. पण चढायची मुभा असती तरी ती चढली नसती, कारण लाटेचं पाणी नुसतं पायाला लागलं तरी ती लाटेला शिवी हासडते. तरीसुद्धा आमच्या समोरच्या समुद्राचे सगळ्यात चांगले तुकडे तिच्याच घरात असतात. पलंगाखाली, गारीच्या डब्यात, भाजलेल्या कसाव्याच्या रव्यात खोल पुरलेले.

त्या डब्यात एक हातात मावणारं जीपीएसचं यंत्र आहे. तिचा नवरा वारला तेव्हा मागे एक लांब होडी, एक इंजिन, मासे धुरवायच्या भट्ट्या आणि हे यंत्र ठेवून गेला. आमच्याकडे समुद्राचा तळ बहुतेक वाळूचा, आणि मासा राहतो खडकाला. नवऱ्याने आयुष्यभर धुंडाळलेले खडक या यंत्रात नोंदलेले होते. तिचा धाकटा भाऊ एकोव हा तिच्या होडीचा तांडेल. रोज पहाटे ती यंत्र त्याच्या हातात देते आणि होडी परत आली की माशांच्या टोपल्यांकडे बघायच्या आधी यंत्र मागून घेते. लुगड्याच्या टोकाने त्यावरचं मीठ पुसते आणि डब्यात पुरते. गारी खाताना तिच्या घरात दाताखाली मीठ येतं ते यामुळे, असं मी तिला म्हणतो.

एवढी राखण कशासाठी, तर पूर्वीच्या तांडेलाने एकदा त्या यंत्राच्या पडद्याचे फोटो काढले आणि तो पापा एबोच्या होडीवर कामाला गेला. त्यानंतर तिच्या नवऱ्याच्या खडकांवर तिची होडी पोचायच्या आत पापा एबोची होडी उभी. ती भांडायला गेली तेव्हा पापा एबोने तिला विचारलं होतं, की समुद्रावर कुणाच्या नवऱ्याचं नाव लिहिलंय? तेव्हापासून लोक रामराम करतात तशी ती त्याला "चोर" म्हणते. तोही तितक्याच सवयीने "काय गं, आज काय चोरलं मी?" असं विचारून पुढे जातो.

मी बर्फ विकतो. माझी शेड या दोघांच्या होड्यांच्या बरोबर मध्ये आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं भांडण मला फुकटात आणि दोनदा ऐकावं लागतं. अराबा आणि मी एकाच बाकावर बसून अक्षरं गिरवली, पण ती मला नावाने कधी हाक मारत नाही. बर्फवाल्या म्हणते, आणि माझ्या लाद्या हातात तोलून बघत, यात पाणी किती आणि बर्फ किती, असं गिऱ्हाइकांसमोर विचारते.

आमची भांडणं आमच्यापुरती होती तोवर ठीक चाललं होतं. मग झाडू आला.

झाडू म्हणजे एक मोठा ट्रॉलर. त्याचं खरं नाव काही चमकदारच होतं, पण तो तळ झाडून नेतो म्हणून गावाने त्याला हे नाव दिलं. किनाऱ्याजवळची पट्टी आमच्यासारख्या होड्यांसाठी राखलेली आहे, असल्या जहाजांनी तिच्या बाहेर राहायचं, असा कायदा आहे. झाडू आत यायचा, आमच्या जाळ्यांवरून जायचा आणि चिंध्या मागे ठेवायचा. तक्रार केली की कंपनीचा माणूस यायचा, लॅपटॉप उघडायचा आणि नकाशावरची लाल रेघ दाखवायचा. जहाज त्या दिवशी पट्टीच्या कितीतरी बाहेर. उपग्रहाची साक्ष आहे म्हणायचा. तक्रारी ऐकणारी जिल्ह्याची समिती रेघेकडे बघायची, मग आमच्या फाटक्या बनियनांकडे बघायची, आणि रेघेवर विश्वास ठेवायची. मला या गोष्टीचा इतका संताप यायचा की मी लाद्या फोडताना भुगाच जास्त करायचो.

गेल्या साली पापा एबोचं जाळं असंच गेलं. त्याने झाडू इतक्या जवळून पाहिला होता की त्याच्या लाटेने होडी उलटायची राहिली. त्याने तक्रार केली, रेघ निघाली, आणि या वेळी कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. खोटी तक्रार करून बदनामी केली, म्हणून त्याच्या होडीची नोंदणी रद्द करा, असा उलटा अर्ज तिने टाकला. नोंदणी गेली की सवलतीचं इंधन गेलं, आणि इंधन गेलं की होडी म्हणजे नुसतं लांब बाकडं. पापा एबोच्या होडीवर अकरा घरं जेवतात. सुनावणी शुक्रवारी, आमच्याच किनाऱ्यावर ठरली.

अराबा चारचौघांत म्हणाली, बरं झालं. पण त्या आठवड्यात तिच्या तोंडून एकदाही "चोर" ऐकू आलं नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

आता सोमवारचं सांगतो. हर्मटानचे दिवस होते, वाळवंटाकडून आलेल्या धुळीने समुद्र हाकेच्या अंतरापलीकडे दिसत नव्हता. एकोव दुपारी परत आला तो वल्ही मारत. इंजिन मध्येच बंद पडलं होतं. एक जाळं वर आलं होतं, दुसरं तसंच पाण्यात राहिलं होतं; हे आणि पुढचं बहीणभावांचं बोलणं मला मागाहून कळलं. अंधार पडायच्या आत जाऊन ते ओढून आणायचं तर चांगलं इंजिन हवं, आणि तसं मोकळं इंजिन किनाऱ्यावर एकच होतं. पापा एबोचं.

एकोव म्हणाला, "ताई, मी जाऊन मागतो. मला नाही म्हणणार नाही तो."

"तिकडे पाऊल टाकलंस तर माझ्या घरात पाऊल टाकू नकोस," अराबा म्हणाली.

हे साधं जाळ्याचं प्रकरण असतं तर बुधवारी निस्तरलं असतं. पण पुढचा दिवस मंगळवार होता. मंगळवारी समुद्र स्वतःचा असतो. सोमवारी दिवस मावळला की आमचं काही म्हणजे काहीही त्यात राहायचं नाही, होडी नाही, गळ नाही, जाळं नाही. एकाने मोडलं तरी मासा सगळ्यांचा रुसतो. शहरात शिकून आलेली पोरं यावर हसतात, पण मंगळवारी पाण्यात तीही उतरत नाहीत. म्हणून सोमवारी तिन्हीसांजेला नाना एग्यिर, आमचे मुख्य मच्छीमार, काठी टेकत किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात आणि प्रत्येक होडीच्या मालकाला एकच प्रश्न विचारतात.

"सगळी जाळी वर आली का?"

"आली, नाना," अराबा म्हणाली.

नाना पुढे गेले. अराबा हे नाव आमच्यात मंगळवारी जन्मलेल्या मुलीला ठेवतात. मंगळवारच्या लेकीने मंगळवार बाटवला, हे तिला स्वतःला किती लागलं असेल ते ती कधी बोलली नाही. पण त्या संध्याकाळी तिने भट्टी पेटवली नाही.

मंगळवारी भर दुपारी ती फोन चार्ज करायला माझ्या शेडमध्ये आली. तिच्या जाळ्याच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयामध्ये तिने एक ट्रॅकर बसवला होता. मोटारसायकल चोरीला गेली तर सापडावी म्हणून लावतात, तोच. मेयोनीजच्या बरणीत घालून, झाकण मेणाने बंद करून, वर तिची खूण म्हणून कंगवा रंगवलेला. किनाऱ्यापासून फोनची रेंज असेपर्यंत त्याचा ठिपका तिच्या फोनवर दिसायचा. हा सगळा उपद्व्याप तिने एकाच हेतूने केला होता. पापा एबो एक ना एक दिवस जाळ्यालाही हात घालणार आणि ती त्याला मुद्देमालासकट पकडणार.

तिने फोन चालू केला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बर्फवाल्या, माझं जाळं चालतंय," ती म्हणाली.

मला आधी अर्थच कळला नाही. कळल्यावर मी म्हणालो, प्रवाह असेल. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. ठिपका सरळ रेषेत, मुकाट्याने, चांगला झपाझप निघाला होता. कुठलाही प्रवाह असा कामाला निघाल्यासारखा जात नाही. तिने लुगडं खोचलं आणि पापा एबोच्या होडीच्या दिशेने वाळू तुडवत निघाली. मी बर्फावर पोतं टाकून मागोमाग गेलो. इतकी वर्षं भांडण ऐकल्यावर त्याचा शेवट चुकवायची माझी तयारी नव्हती.

पापा एबो त्याच्या होडीच्या सावलीत बसून केळीच्या पानातली केंकी, आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, तिखटाला लावून खात होता. होडी ओंडक्यांवर चढवलेली, खालची वाळू कोरडी ठणठणीत. त्याने मान वर केली.

"काय गं, आज काय चोरलं मी?"

अराबा होडीकडे बघत राहिली. मग फोनकडे. ठिपका अजून चालतच होता.

"काही नाही. जेव," ती म्हणाली आणि मागे वळली.

अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि धुळीआडच्या समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "आज समुद्रात कुणी नाही, बर्फवाल्या. आपल्यातलं कुणीच नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम दोन गोष्टी शिरल्या. मंगळवारी हिचं जाळं पाण्यात आहे, म्हणजे काल ही नानांशी खोटं बोलली. आणि आमच्यातलं कुणी नाही, तर ते ओढून नेणारा एकच. मंगळवारी किनाऱ्यावरून कुणी बाहेर पडत नाही हे झाडूलाही ठाऊक होतंच की. वर धूळ. मोकळं रान होतं त्याला. फोनची रेंज संपते तिथे ठिपका दिसेनासा झाला.

बुधवारी मत्स्यखात्याच्या मॅडम सेलासी आल्या, पापा एबोशी बोलायला. बाई पूर्वेकडची, व्होल्टा नदीच्या पलीकडची, मोटारसायकलवर हिंडते आणि बोलते कमी. किनाऱ्यावर सावलीतला धड बाक माझाच, म्हणून बैठक माझ्याकडे बसली. पापा एबो दोन दिवसांत खंगला होता. तो म्हणाला, माणसाशी भांडलो असतो मॅडम, पण आभाळातून बघणाऱ्याशी मी काय भांडू?

"पापा एबो, उपग्रह कुणाला बघत नाही," मॅडम म्हणाल्या. "तो वरून नुसती वेळ सांगत राहतो. चार ठिकाणची वेळ ऐकून आपण कुठे आहोत, ते जहाज स्वतः ठरवतं. आणि मग स्वतःच रेडिओवरून जगाला कळवतं. तुम्ही बघता ती लाल रेघ म्हणजे जहाजाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे. सांगणाऱ्याने खोटं सांगायचं ठरवलं, तर नकाशा काय करणार?"

"मग हे समितीला सांगा की."

"सांगितलं. असली खोटी जागा पाठवणारी यंत्रं मिळतात, तेही सांगितलं. पण तो माझा संशय झाला. त्याच जहाजावर, त्याच वेळी, जहाजाचं नसलेलं दुसरं एखादं यंत्र असतं आणि ते काही वेगळं सांगत असतं, तर मी आजच टेबलावर मूठ आपटली असती. तसलं काही तुमच्याकडे असणार कुठून?"

अराबा तिथेच उभी राहून बर्फाची लादी निवडत होती. माझ्या सगळ्या लाद्या एका साच्यातल्या असतात, त्यात निवडण्यासारखं काही नसतं. तिने तीन उचलल्या, तीन ठेवल्या आणि काही न घेता गेली.

गुरुवारी ठिपका पुन्हा उगवला. मोठ्या बंदरात, धक्क्याला लागून उभा. तिने मला शेडच्या मागे बोलावून दाखवला आणि काय करू म्हणून विचारलं. अराबाने मला सल्ला विचारावा, इतकी वेळ आली होती.

मी मनातलं सांगितलं. गप्प बस. मासा यंदा आधीच नाही, बायका तीनतल्या दोन भट्ट्या बंद ठेवून आहेत. आता तू उठून सांगितलंस, की मंगळवारी माझं जाळं पाण्यात होतं आणि नानांच्या तोंडावर मी खोटं बोलले, तर किनाऱ्यावरची प्रत्येक रिकामी टोपली तुझ्या गळ्यात बांधतील. होडी बाहेर काढतील. एकोवचं घर उपाशी बसेल. आणि हे सगळं कुणासाठी, तर ज्याला तू इतकी वर्षं चोर म्हणतेस त्याच्यासाठी.

"चोर आहेच तो," अराबा म्हणाली. "खोटारडा नाही. त्याने झाडू पाहिला आणि पाहिला म्हणून सांगितलं. त्याला खोटा ठरवतायत. मी खोटं बोलले, आणि मला नाना जाता येता कशी आहेस म्हणून विचारतात."

मी तिला पाणी दिलं, ती ते प्यायली आणि बर्फ घातला नाहीस म्हणून तिने मला टोमणा मारला.

शुक्रवारी बदामाच्या झाडाखाली सगळा किनारा जमला. नाना, समितीचे तिघे, मॅडम सेलासी, आणि इस्त्रीच्या सदऱ्यातला कंपनीचा माणूस. माणूस बोलायला मऊ होता, हे मान्य केलं पाहिजे. जहाज किती शहाण्यासारखं वागतं हे दिसावं म्हणून त्याने एका दिवसाची नाही, अख्ख्या महिन्याची रेघ आणली होती. पडद्यावर ती सगळी पट्टीच्या बाहेर, कुंपणाबाहेर बांधलेल्या गुणी गाईसारखी. पापा एबो मान खाली घालून बसला होता.

बायकांमधून अराबा उठली. समितीला वाटलं भांडायला उठली. तिने कंपनीच्या माणसाला विचारलं, की या मंगळवारीही जहाज तिथेच होतं का.

"हो, आंटी. दिवसभर."

"आत आलंच नाही?"

"तुम्हीच बघा ना. आणि काल सकाळी बंदराला लागलं, तेही इथे दिसतंय."

"लिहून घ्या," अराबा मॅडम सेलासींना म्हणाली. मग ती त्यांच्याकडे किंवा समितीकडे गेली नाही. ती नानांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि पायातल्या चपला काढल्या. आमच्याकडे मोठ्यांसमोर गुन्हा कबूल करायचा तर असाच करतात.

"नाना, सोमवारी तुम्ही विचारलंत, सगळी जाळी वर आली का. मी आली म्हणाले. एक आलं नव्हतं. मंगळवारी माझं जाळं समुद्रात होतं."

गर्दीतून जो आवाज निघाला तो मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी मागून म्हणालं, तरीच मासा नाही. अराबाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तिने फोन नानांच्या हातात दिला आणि ठिपका मंगळवारी दुपारी पट्टीच्या आत, तिच्या खडकावर कुठे होता, तिथून कसा चालत गेला आणि काल सकाळपासून बंदरात कुठे उभा आहे, ते बोट ठेवून दाखवलं. बरणी, मेण, कंगव्याची खूण, सगळं सांगितलं. ती कुणासाठी बसवली होती तेही सांगितलं, आणि तेव्हा काही लोक हसले.

मॅडम सेलासी केव्हाच उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी खरंच टेबलावर मूठ आपटली.

पण मला आठवतं ते त्यानंतरचं. नाना काठीच्या टोकाने वाळू उकरत होते. तेवढ्यात पापा एबो उठला. त्यानेही चपला काढल्या.

"नाना, सोमवारी हिची होडी वल्ही मारत आली ती मी पाहिली. एक जाळं कमी आहे हेही पाहिलं. माझं इंजिन मोकळं होतं. मी उठलो नाही. मला बरं वाटलं होतं."

तो खाली बसला. अराबाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि चपला पायात घातल्या.

त्याच दिवशी मॅडम पोलीस घेऊन बंदरात गेल्या. बोया शोधावाही लागला नाही. जहाजावरच्या कुणीतरी तो चांगला आहे म्हणून खोलीच्या दाराला लटकवून ठेवला होता, पिवळा, कंगव्याच्या खुणेसकट. जाळं मात्र नव्हतं. खोटी जागा पाठवणारं यंत्रही सापडलं, असं मॅडमनी नंतर सांगितलं. जहाज धक्क्याला अडकलं, खटला चालू आहे, आणि तो कधी संपेल ते मला विचारू नका. पापा एबोविरुद्धचा अर्ज मात्र समितीने तिथल्या तिथे फेटाळला.

अराबाची सुटका झाली नाही. नाना म्हणाले, चोर पकडला म्हणून मंगळवार परत येत नाही. समुद्राला मेंढा आणि दारू द्यावी लागली, आणि तिची होडी महिनाभर वाळूवर चढली. काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. एकीने तिच्या दारासमोर रिकामी टोपली ठेवली. तिने ती उचलली आणि तीत कोळसा भरून ठेवला.

महिना उपाशी जाईल असं मला वाटलं होतं. पण पहिल्याच बुधवारी पापा एबो मासळीची एक टोपली डोक्यावर घेऊन तिच्या दारात आला. मी बर्फ घेऊन मागे होतोच.

"तुझ्या नवऱ्याच्या खडकावरची आहे," तो म्हणाला.

तिने टोपली निरखून पाहिली. "यातली निम्मी माझीच होती," ती म्हणाली. "बाकीची ठेव आणि जा." महिनाभर तो दर फेरीला टोपली आणत राहिला आणि ती दर वेळी तेच म्हणत राहिली.

नानांनी आणखी एक शिक्षा दिली होती, ती आधी कुणाला शिक्षा वाटलीच नाही. ते म्हणाले, माझे गुडघे गेले. सोमवारी विचारत फिरायचं काम आता हिचं. जी माझ्याशी खोटं बोलली, तिला खोटं कसं बोलतात ते ओळखता येईल.

फिरणं आलं तसं ट्रॅकरही आले. झाडूसारखे आणखी असतीलच, तेव्हा प्रत्येक जाळ्याच्या बोयात एक बरणी असावी, असं मॅडम सेलासींनी सुचवलं आणि खात्यातून मिळवूनही दिले. अडचण वेगळीच होती. ठिपके बघायचे कुणी? ज्याच्या फोनवर ठिपके, त्याला सगळ्या किनाऱ्याचे खडक कळले. इथे बाप मुलाला खडक मरताना सांगतो. दोन आठवडे सगळ्या बरण्या माझ्या शेडमध्ये पडून होत्या. मग एका सकाळी पापा एबो आला, त्याने स्वतःचा बोया बाकावर ठेवला आणि म्हणाला, "माझा अराबाच्या फोनवर टाका. खडक लपवावा कसा, ते तिला माहीत आहे. आणि माझे निम्मे तसेही तिचेच आहेत." संध्याकाळपर्यंत माझ्या शेडमध्ये एकही बरणी उरली नाही. आता सगळ्या एडुमानोचा समुद्र गारीच्या त्या डब्यात असतो, आणि फोनला रवा लागून तो बिघडेल असं तिला सांगणारा मी एकटाच आहे.

गेल्या सोमवारची गोष्ट. पाऊस जवळ आला होता, हवा जड होती. तिन्हीसांजेला अराबा फोन हातात घेऊन निघाली. नाना त्यांच्या दारातल्या खुर्चीत बसून वाट बघत होते. ठिपके एकेक करून वाळूवर आले होते, एक सोडून. तो बाहेर खडकावर एकटा उभा होता.

पापा एबो त्याच्या होडीपाशी पाठमोरा उभा राहून दोर गुंडाळत होता. तो दोर कधीच गुंडाळून झाला होता. शेजारी इंजिन उघडून पडलेलं.

अराबा त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सगळी जाळी वर आली का?"

पापा एबोने मान वळवली नाही. त्याचे हात थांबले होते. तो काय म्हणणार आहे ते मला दिसत होतं, कारण तेच वाक्य मी एकदा याच किनाऱ्यावर ऐकलं होतं.

तिने त्याला ते म्हणूच दिलं नाही. वळून तिने किनाऱ्याच्या त्या टोकापर्यंत जाईल अशी हाक मारली.

"एकोव, आपलं इंजिन काढ. एबोचं एक जाळं राहिलंय. उजेड आहे तोवर घेऊन या."

एकोव धावला. पापा एबोची माणसं धावली, आणखी दोन होड्यांवरची आली, आणि होडी ओंडक्यांवरून पाण्यात घसरली. पापा एबो शेवटी चढला. चढताना तो काहीतरी म्हणाला, ते लाटेत मला ऐकू आलं नाही. अराबाला आलं असावं.

"बडबडू नकोस, चोरा," ती म्हणाली. "आधी जाळं आण."

ती तिथेच फोनकडे बघत उभी राहिली. लाट येऊन तिच्या घोट्यांपर्यंत चढली तरी ती हलली नाही, की लाटेला शिवीही दिली नाही. ठिपका हलला, किनाऱ्याकडे वळला, आणि उजेड जायच्या आत होडी वाळूला लागली. मग ती नानांच्या दारात गेली, आणि मीही गेलो, कारण तिने मला कंदील धरायला लावला होता.

नानांनी विचारलं.

"आली, नाना," अराबा म्हणाली. "सगळी आली."